पोरांच्या गुडघ्याचा आवाज अंगावर काढू नका

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडं पोरगं लंगडायला लागलं की घरातली म्हणतात लचकलं असंल, मग तेल लावा, चोळा, पट्टा बांधा. आम्हीपण तेच केलं म्हणून हे पत्र लिहितोय. माझी मुलगी सात वर्षांची. जेवून मांडी सोडून उठली की गुडघा खट्टकन वाजायचा, टीव्ही चालू असला तरी आत स्वयंपाकघरात ऐकू यायचा, पण ती दुखतंय म्हणत नव्हती म्हणून आम्ही सहा महिने गप्प बसलो. मग एक दिवस पाय सरळच होईना. पलंगावर झोपवलं तर गुडघ्याखालून माझी मूठ जाईल एवढी फट. एका ओळखीच्या माणसानं झटका देऊन बसवतो म्हणून पाय ओढला, तेव्हा ती जी ओरडली ते अजून कानात आहे. कृपा करून असं कुणी करू नका.

एक्सरेत काही दिसलं नाही, एमआरआयमध्ये कळलं की डिस्कॉइड मेनिस्कस आहे. म्हणजे गुडघ्यातली गादी चंद्रकोरीसारखी असायची ती जन्मापासूनच भाकरीसारखी गोल आणि जाड, बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूची. आपल्या आशियातल्या लोकांत हे जास्त सापडतं. त्रास नसेल तर ऑपरेशन लागत नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. पण गुडघा अडकत असेल, गादी फाटली असेल तर दुर्बिणीतून मधला जादा भाग कोरून काढतात, कडेची साधारण 6 ते 8 मिलिमीटर ठेवतात आणि ती सैल असली तर टाके घालतात.

आम्हाला एका ठिकाणी सांगितलं होतं, सगळीच काढून टाकू, विषय संपला. पूर्वी तसंच करायचे, पण गादी काढलेल्या गुडघ्यात पुढं झिजेचे काय बदल होतात ते फेअरबँक या डॉक्टरांनी 1948 मध्येच लिहून ठेवलंय, आणि सात वर्षांच्या पोरीला त्या गुडघ्यावर अजून साठ-सत्तर वर्षं चालायचंय हो! म्हणून आईबापांनी सही करायच्या आधी एवढं विचाराच, की डॉक्टर, गादी किती ठेवणार? आम्ही विचारलं, दुसरीकडं दाखवलं, म्हणून तिची कडेची गादी वाचली.

आता ती शाळेत पळते. हे दोन्ही गुडघ्यांत असू शकतं, म्हणून दुसऱ्याकडंपण आमचं लक्ष आहे, रोज रात्री दोन्ही पाय सरळ होतात का बघूनच तिला झोपवतो.

एक पालक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर