कॅमेऱ्याला खरा धोका उबेचा

संपादक महोदय,

पर्यटनाच्या पुरवण्यांमध्ये बर्फातल्या सहलींवर भरभरून लिहिलं जातं. बूट कोणते, कपड्यांचे थर किती, सगळं तपशीलवार असतं. व्हिडिओ कॅमेऱ्याची मात्र ‘जादा बॅटऱ्या न्या’ एवढ्यावर बोळवण होते. मी पोटापाण्यासाठी व्हिडिओ चित्रीकरण करतो, बर्फातही करतो. कॅमेरे बिघडतात ते बहुतेक वेळा बाहेरच्या थंडीत नव्हे, तिथून परतल्यावर. ही गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

गारठलेला कॅमेरा थेट उबदार खोलीत आणला की हवेतलं बाष्प त्याच्यावर जमतं, त्याला अक्षरशः घाम फुटतो. बाहेरून दिसतं ते पुसता येतं, पण हवा आतही शिरते. माझा एक सहकारी लेन्सची काच पुन्हापुन्हा पुसत बसला होता. धुकं हलेना, कारण ते पुढच्या भिंगाच्या आतल्या बाजूला धरलं होतं. असं दव सर्किटवर धरलेलं असताना कॅमेरा चालू केला तर तो कायमचा निकामी होऊ शकतो.

उपाय अगदी साधा आहे. बाहेर थंडीत असतानाच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, आतली हवा दाबून काढायची आणि तोंड घट्ट बंद करायचं. मग दव पिशवीला धरतं, कॅमेऱ्याला नाही. तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही. मोठ्या कॅमेऱ्याला दोन तासही लागतात. इथेच माणसांचा धीर सुटतो, कारण टिपलेलं लगेच बघायचं असतं. म्हणून मेमरी कार्ड आणि बॅटरी बाहेरच काढून घ्यावी.

बॅटरीबद्दलही बराच गैरसमज आहे. थंडीत लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज घसरतं आणि कॅमेरा ती संपली असं समजून बंद पडतो. प्रत्यक्षात तिच्यात चार्ज शिल्लक असतो. तीच बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवली की पुन्हा चालते. दोन बॅटऱ्या आलटून पालटून वापरल्या तर काम अडत नाही. मात्र शून्य अंशाखाली गारठलेली बॅटरी पॉवर बँकेला लावून चार्ज करणं घातक आहे. आतल्या इलेक्ट्रोडवर लिथियम धातूचा थर जमतो आणि गेलेली क्षमता परत येत नाही. आधी ऊब द्यावी, मग चार्जिंग. ऊब म्हणजे हीटरवर ठेवणं मात्र नव्हे.

चित्राचंही सांगायला हवं. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा पांढऱ्या बर्फालाही मध्यम राखाडी करू बघतो आणि माणसांचे चेहरे काळवंडतात. एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, एक ते दोन स्टॉप वाढवावं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). झेब्रा, म्हणजे फार उजळ भागांवर पट्टे दाखवणारी सोय, चालू ठेवून बर्फ फार जळत नाही ना, नुसता पांढराफटक होत नाही ना, ते बघावं. ट्रायपॉडच्या हेडमधलं, म्हणजे कॅमेरा बसवायच्या फिरत्या भागातलं वंगण घट्ट होतं, पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना झटके बसतात. टेकआधी हेड सगळ्या दिशांना चांगलं फिरवून घ्यावं. आणि व्ह्यूफाइंडरवर श्वास सोडू नये, त्याचा बर्फ होतो.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस दिलेलं असतं, दव धरण्याचा इशाराही असतो. पण तो बारीक अक्षरांत, इतर सूचनांच्या गर्दीत. माणूस मुलाचं पहिलं बर्फात खेळणं टिपायला जातो, ते परत टिपता येत नाही. उत्पादकांनी हा इशारा पहिल्या पानावर ठळक छापावा, विक्रेत्यांनी कॅमेरा हातात देतानाच तो सांगावा. आपणही पुढच्या हिवाळी पुरवणीत पिशवीची ही युक्ती चौकटीत छापावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक व्हिडिओ चित्रीकरणकार