यान आदळलं, मग खड्डा कुठं आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत हल्ली विज्ञानकथांच्या मालिकांना जागा मिळू लागली, हे छानच झालं. पण मजकूर वाचावा तर कोण मेलं, कोण वाचलं आणि पुढच्या भागात काय होणार, एवढ्यावरच तो संपतो. तो मसाला सासू-सुनेच्या मालिकेतही असतो. विज्ञानमालिकेची मजा एकेका दृश्याचा हिशेब मांडण्यात आहे, आणि त्याला अकरावीचं भौतिकशास्त्र अन् मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली ‘एलियन : अर्थ’ ही आठ भागांची मालिका घ्या. ६५ वर्षांच्या मोहिमेवरून परतणारं ‘मॅजिनो’ हे जहाज पहिल्याच भागात शहरावर कोसळतं आणि एका उंच इमारतीत रुतून बसतं. चर्चा झाली ती सगळी जहाजातल्या प्राण्यांची. जहाजाच्या वेगाबद्दल कुणी बोललं नाही. दूर अंतराळातून पृथ्वीवर पडणाऱ्या वस्तूचा वेग, हवेचा अडथळा सोडला तर, सेकंदाला निदान ११.२ किमी होतो. या वेगाचा वर्ग करून दोनानं भागलं की दर किलोमागं सुमारे ६ कोटी २७ लाख ज्यूल ऊर्जा निघते. टीएनटी या स्फोटकाचा एक किलो फुटला तर साधारण ४२ लाख ज्यूल मिळतात. म्हणजे जहाजाचा एकेक किलो पंधरा किलो टीएनटीचं काम करणार. (किलोमीटरचे मीटर करायचं राहिलं की उत्तर दहा लाख पटींनी चुकतं. निम्मे वाद तिथूनच पेटतात.) अशा धडकेनं काय होतं, ते बघायला लांब जायला नको. आपल्या लोणारला काळ्या कातळात सुमारे १.८ किमी रुंदीचा खड्डा पडलेला आहे.

यावर चाहते म्हणतात, जहाज पोकळ असतं, दगडासारखं भरीव नसतं. मुद्दा बरोबर आहे. पण पोकळ वस्तू हवेतच फाटते. जुन्या मंडळींना १९७९ च्या जुलैत कोसळलेलं ‘स्कायलॅब’ हे अमेरिकी अंतराळस्थानक आठवत असेल. गावोगाव लोकांनी धास्ती घेतली होती, आणि शेवटी त्याचे तुकडे पडले ऑस्ट्रेलियात, तेही लांबच लांब पट्ट्यात विखरून. मग एक तर खड्डा पडेल, नाहीतर तुकडे विखुरतील. जहाज सलग राहून इमारतीत अडकायचं असेल, तर त्यानं आधीच इंजिनं उलटी लावून जवळजवळ सगळा वेग मारलेला हवा. मालिकेत तसं काही सुचवलंय का, हे शोधत तो भाग पुन्हा पाहण्यासारखा आहे.

‘प्लुरिबस’ ही मालिका नोव्हेंबर २०२५ मध्ये आली. ६०० प्रकाशवर्षांवरून रेडिओ संदेश येतो आणि दर ७८ सेकंदांनी तोच पुन्हा येतो, इथून तिची सुरुवात आहे. संदेशात चार प्रकारच्या खुणा आहेत, त्या आरएनए या जनुकीय रेणूच्या चार अक्षरांशी जुळतात. प्रकाशवर्ष हे अंतराचं माप आहे, काळाचं नाही. पण इथं त्यातून काळही निघतो. हा संदेश निघाला तेव्हा इकडं अहमदशहा बहमनी गाविलगड बांधत होता. इतिहासकार फिरिश्ता ते साल १४२५ च्या सुमाराचं देतो. पृथ्वीवर रेडिओ आला तो त्यानंतर पावणेपाचशे वर्षांनी. तेव्हा हा संदेश आपला रेडिओ ऐकून कुणी पाठवलेला असणं शक्य नाही. आता अक्षरं मोजा. करोनाच्या विषाणूच्या आरएनएत सुमारे तीस हजार अक्षरं असतात. तेवढी ७८ सेकंदांत बसवायची तर सेकंदाला ३८५ पाठवावी लागतील. रेडिओला हे सहज जमतं, कानाला मात्र ते सुटे सूर म्हणून ऐकू येणार नाहीत. लेखकांनी इथं अभ्यास केलेला दिसतो.

‘द एक्सपान्स’ २०२२ मध्ये संपली, पण तिच्यातल्या दारूच्या धारेवरचा वाद अजून चालू आहे. सेरेस हा लघुग्रह फिरवून वजन निर्माण केलंय, म्हणून पेल्यात ओतलेली दारू वाकडी पडते, असं दृश्य आहे. तत्त्व खरं आहे. यात्रेतल्या आडव्या फिरणाऱ्या चक्रीत बसून चेंडू समोर फेकला तर तो बाजूला जातो, तेच हे. पण सेरेसची त्रिज्या सुमारे ४७० किमी. पृथ्वीच्या तीन दशांश वजन हवं असेल तर तो चाळीस मिनिटांत एक फेरी मारेल. वीस सेंटिमीटर उंचीवरून पडणारी धार त्यात ०.१३ मिलिमीटर सरकते, म्हणजे फार तर दोन केसांच्या जाडीइतकी. तेच वजन वीस मीटर त्रिज्येच्या चाकात तयार केलं, तर धार जवळपास दोन सेंटिमीटर सरकेल आणि दारू पेल्याबाहेरही जाऊ शकेल. दिग्दर्शकानं लहान चाकाचा परिणाम सेरेसएवढ्या मोठ्या गोळ्याला लावला. दिसायला छान दिसतो, हेही खरं.

असा हिशेब करताना अडचण येते ती बहुधा हिंदी डबिंगची. ओठांच्या हालचालीत वाक्य बसवायचं म्हणून आकडे गाळतात किंवा ‘लाखो’, ‘करोडो’ असं मोघम बोलून टाकतात. एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, हेही कधी चुकतं. म्हणून आकडा मूळ आवाजात ऐकावा, इंग्रजी उपशीर्षकांशी ताडून पाहावा आणि वहीत भाग क्रमांक, मिनिट, सेकंद लिहून ठेवावं. ‘तो मागचा सीन’ म्हटलं की चौघांच्या डोळ्यांपुढं चार वेगळे सीन येतात. खेड्यात रेंज धड नसते, म्हणून बरेच जण तालुक्याला जाऊन भाग उतरवून आणतात. काही ॲपांवर एकदा सुरू केलेला भाग ४८ तासांत संपवावा लागतो. अर्ध्यात लाइन गेली आणि पुढं सवड मिळाली नाही, तर तो पुन्हा उतरवणं आलं. चार्जिंग भरलेलं नसेल तर सुरूच करू नये.

हे सारं पाहता शुक्रवारी आलेला भाग इकडं अनेकांना पुढच्या आठवड्यातच बघायला मिळतो, आणि तोवर रविवारच्या पुरवणीत मरणाऱ्याचं नाव ठळक अक्षरांत छापून आलेलं असतं. लेखावर कोणत्या भागापर्यंतचा मजकूर आहे ते छापावं, शेवट निदान पंधरा दिवस राखून ठेवावा, आणि पाव रकाना अशा एखाद्या हिशेबाला द्यावा. गणित चुकलं तर वाचक कळवतीलच. परदेशी नावं तेवढी दर आठवड्याला एकाच पद्धतीनं छापावीत. मागच्या खेपेला एकच पात्र दोन नावांनी आल्यानं ती दोन माणसं वाटली.

आपले,
विज्ञानमालिकांचे काही प्रेक्षक
ता. चांदूर बाजार, जि. अमरावती