कथा परीक्षकांपर्यंत पोहोचते का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत स्पर्धांमधल्या लघुकथांवर आलेला लेख वाचला. सगळ्या कथा एकाच साच्यातून काढल्यासारख्या वाटतात, ही लेखकाची तक्रार खरी आहे. पण त्यांनी सारा दोष नव्या लिहिणाऱ्यांच्या माथी मारला: वाचन नाही, धीर नाही, शेवटच्या ओळीत धक्का दिला की झाली कथा. एका साहित्यिक मासिकाच्या कथास्पर्धेसाठी मी सलग तीन वर्षं छाननीचं काम केलं आहे. धक्क्याची ही चटक लिहिणाऱ्यांना लावली कोणी, तर आम्ही.

स्पर्धेच्या जाहिरातीत परीक्षकांची नावं ठळक अक्षरात असतात. आपली कथा या मान्यवरांच्या हाती पडणार, या भरवशावर लोक कथा पाठवतात. प्रत्यक्षात मान्यवरांकडे जातात त्या दहा-बारा. आमच्याकडे तीनशेच्या आसपास कथा यायच्या आणि वाचणारे आम्ही चौघं. माणशी पंचाहत्तर कथा, पंधरा दिवसांची मुदत, तीही आपापली नोकरी सांभाळून. मानधनाचा प्रश्नच नव्हता. लेखकांची नावं झाकून प्रत्येक कथेला नुसता क्रमांक दिलेला असे, एवढी एक गोष्ट चोख होती.

आम्हाला एक तक्ता दिला होता. त्यात तीन रकाने: ‘घ्यावी’, ‘बघू’ आणि ‘नको’. यातला ‘बघू’ हा रकाना म्हणजे शुद्ध थाप. त्यातली एकही कथा पुन्हा कोणी बघितल्याचं मला आठवत नाही. दिवसभराचं काम आटोपून रात्री साडेअकराला विसावी कथा उघडली की वाचणाऱ्याचं काय होतं, ते मी स्वतःवरून सांगते. पहिल्याच ओळीत मध्यरात्री फोन वाजला किंवा दारात पोलीस उभे राहिले, तर झोप उडते. शेवटी बोलणारी बाई कधीच मेलेली होती असं निघालं, तर सकाळपर्यंत लक्षात राहते. अशा कथेपुढे ‘घ्यावी’ लिहिताना आपण निवड करतो आहोत असं वाटतं, पण ती आपल्या थकव्याने केलेली निवड असते. हळू चालणारी, दुसऱ्या वाचनात उलगडणारी कथा या रात्रपाळीत टिकत नाही. मग पुढच्या वर्षी भाग घेणारे आधीच्या विजेत्या कथा वाचून तसंच लिहितात. त्यांचं काय चुकलं? साचा आम्हीच समोर ठेवलेला असतो.

हे आजचंच आहे असंही नाही. १८३३ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या एका साप्ताहिकाने कथा आणि कविता यांची स्पर्धा घेतली. कथेचं ५० डॉलरचं बक्षीस पुढे भयकथांसाठी गाजलेल्या, पण तेव्हा फारशा कोणाला माहीत नसलेल्या एडगर ॲलन पोला मिळालं. तीन परीक्षकांपैकी लॅट्रोब यांनी पुढे त्या बैठकीची आठवण सांगितली आहे. टेबलावर जुनी वाइन आणि सिगार, शेजारी कागदांसाठी टोपली. बरीचशी हस्तलिखितं थोडं वाचून टोपलीत जात होती. तेवढ्यात छापल्यासारख्या अक्षरातली एक छोटी वही हाती आली आणि तिघांनी ती सगळी ऐकली. वहीतला मजकूर उत्तम होता हे खरंच. पण टोपलीत गेलेल्यांत किरट्या अक्षरातलं काही चांगलं नसेलच, असं कोण सांगणार? (कवितेचं बक्षीस टोपणनावाने लिहिणाऱ्या त्याच साप्ताहिकाच्या संपादकाला गेलं, त्यावरून पो संतापला होता. स्पर्धेनंतरची भांडणंही जुनीच म्हणायची.) तरी फरक आहेच. तिथे टोपली परीक्षकांच्या समोर होती. आज ती आमच्यासारख्या बिननावाच्या माणसांकडे असते आणि परीक्षकांना तिचा पत्ताही नसतो.

पसारा वाढला की छाननी करणारे लागणारच, हे मला मान्य आहे. राष्ट्रकुल लघुकथा पारितोषिकाला २०२४ साली सात हजारांहून अधिक कथा आल्या होत्या. त्यात आता यंत्राने लिहिलेल्या कथांची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या विज्ञानकथांच्या मासिकाला असल्या मजकुराच्या लोंढ्यापायी कथा स्वीकारणंच काही काळ थांबवावं लागलं. त्यामुळे छाननी बंद करा, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ती उजेडात करा. निकालाबरोबर किती कथा आल्या, परीक्षकांकडे किती गेल्या आणि बाकीच्या कोणी वाचल्या, हे नावांसकट छापा. नाव छापलं जाणार असेल तर ‘नको’ लिहिताना हात जरा थबकेल. प्रत्येक कथा दोघांनी वाचावी, आणि बाद झालेल्यांतल्या पाच-सहा, कोणत्याही, परीक्षकांनी स्वतः उचलून बघाव्यात. बक्षिसाची रक्कम थोडी कमी करून छाननी करणाऱ्यांना मानधन दिलं, तर लिहिणारे तक्रार करणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.

हे सगळं आज लिहायला कारण क्रमांक सत्तेचाळीस. एक माणूस शेजाऱ्याची उसनी आणलेली शिडी परत करायला निघतो. शेजारी मधल्या काळात वारलेला आहे, आणि शिडी आता कोणाच्या हाती द्यायची हे त्याला सुचत नाही. पहिल्या दोन पानांत याखेरीज काही घडत नाही. मी ‘बघू’ लिहून पुढची कथा उघडली. निकाल लागून गेल्यावर कितीतरी महिन्यांनी, घरात दिवा बदलायला शिडीवर चढले आणि तो माणूस आठवला. मासिकाकडे चौकशी केली, तर क्रमांक आणि नावांची यादी टाकून दिली होती. कथा लिहिणाऱ्या व्यक्तीच्या हे पत्र वाचनात आलं, तर त्यांनी कृपया संपादकांच्या पत्त्यावर मला कळवावं. तिसऱ्या पानापुढे मी गेलेच नव्हते. त्या शिडीचं शेवटी काय झालं?

आपली,
छाननी करणारी एक वाचक