आजीसाठी मिसरी कुठून आणू?

शिकागो,
ऑक्टोबर अखेर

ती. आईस,
वैशूचा शि. सा. नमस्कार.

फराळाचं पार्सल पोचलं. चकल्यांचा चुरा झालाय, पण तो मी चमच्याने खातेय, तेव्हा काळजी नको. लाडू शाबूत आहेत. फोनवर एवढं सगळं बोलणं होत नाही, मागून बाबा, काका आणि टीव्ही एकदमच बोलतात, म्हणून पत्र.

आधी बाबांच्या काळजीचं. बातम्यांत शिकागोतली बिनकागदाच्या परदेशी लोकांची धरपकड दाखवली म्हणून ते झोपले नाहीत, असं दादा म्हणाला. माझे कागद चोख आहेत. पासपोर्टची झेरॉक्स कायम पर्समध्ये असते. रात्री उशीर झाला तर मी एकटी येत नाही, ऑफिसातली एकजण सोबत असते. आणि ‘मेक्सिकन लोकांच्या वस्तीत कशाला राहतेस’ हे वाक्य काकांचं आहे, तुमचं नाही, ते मला कळतं. त्यांना सांग, या पिल्सेनमध्ये माझी जेवढी चौकशी होते तेवढी आपल्या गल्लीतही होत नाही. दोन दिवस दिसले नाही तर घरमालकीणबाई दार वाजवतात. खरं तर या दिवसांत भीती त्यांना जास्त आहे. त्या बोलत नाहीत, पण रविवारी बाजार पूर्वीसारखा भरत नाही, ते दिसतं.

वस्ती पूर्वी चेक लोकांची होती, नावही त्यांच्याकडच्या शहराचं. पुढे ते पांगले आणि मेक्सिकन आले. आता भाडं परवडेना म्हणून तेही निघालेत, आणि त्यांच्या जागी माझ्यासारखे पगारदार येतायत. हे काकांना सांगू नकोस, त्यांना बरंच वाटेल.

बाबांसाठी मुद्दाम एक गोष्ट. घरापासून चालत जाण्यासारखं हॅरिसन पार्क आहे, त्यात नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट. नाव ऐकून सरकारी वाटेल, पण सुरू केलं शाळामास्तरांनी! 1982 साली कार्लोस टोर्टोलेरो नावाचे शिक्षक आणि त्यांचे सहकारी जमले, गाठीला 900 डॉलर. शहरात संग्रहालयं काय कमी आहेत? पण त्यांच्या पोरांना तिथे आपलं म्हणावं असं फारसं काही दिसेना, म्हणून हा खटाटोप. 1987 मध्ये पार्कातली एक जुनी इमारत मिळाली, तिथे आधी होड्या बांधायचं काम चालायचं. आज संग्रहात 18,000 हून जास्त वस्तू आहेत आणि पहिल्या दिवसापासून तिकीट नाही. टोर्टोलेरो 2023 पर्यंत स्वतःच कारभार बघत होते. बाबा, तुमच्या वाचनालयाच्या कपाटाची किल्ली सापडली का?

मी तिथे पहिल्यांदा गेले ती थंडीतून आत शिरायला म्हणून. संग्रहालयात हळू बोलायचं असतं ना, इथे तसं काही नाही. एक आजीबाई नातवाला मातीचं भांडं दाखवून स्पॅनिशमध्ये मोठमोठ्याने सांगत होत्या, बहुधा ‘असं आमच्याकडे होतं’. पोराचं लक्ष भलतीकडेच. शेवटी तिथला रखवालदारच ऐकत उभा राहिला, आणि त्यानेही त्याच्या गावाकडचं काहीतरी सांगितलं. पाट्या इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत असतात, मी दोन्ही वाचते. स्पॅनिश कळत नाही, पण वाचते.

आता यांची एक तऱ्हा नीट सांगते, नाहीतर तू म्हणशील पोरगी कुठल्या नादाला लागली. नोव्हेंबरच्या 1 आणि 2 तारखेला यांचे मेलेले लोक घरी येतात. पहिल्या दिवशी लहान मुलं, दुसऱ्या दिवशी मोठी माणसं. त्यांच्यासाठी घरोघरी पायऱ्यापायऱ्यांचं मखर मांडतात, त्याला ओफ्रेंदा म्हणतात. वर फोटो, खाली मेणबत्त्या, रंगीत कागदाच्या जाळीदार पताका, एक पाव, मीठ आणि पाण्याचा पेला, कारण लांबून आलेल्याला तहान लागते. साखरेच्या कवट्यासुद्धा! घाबरू नकोस, पोरं त्या हातात घेऊन हिंडतात. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते ठेवायचं, दारू आवडायची तर दारू, विडी तर विडी. लाज कसली ती नाही. आपल्या पितृपक्षासारखंच म्हण, फक्त इथे सुतकी चेहरा कुणाचा नसतो आणि कावळ्याची वाट बघावी लागत नाही. त्यांना वाट दाखवायला झेंडूच्या पाकळ्या अंथरतात. हो, आपलाच झेंडू. तो मूळचा मेक्सिकोचा. आपण दसऱ्याला गाडीला बांधतो तो यांच्याकडून आलेला, हे गुरवाला सांगून बघ, तो माझ्यावर खटला भरेल. संग्रहालयात दरवर्षी याचं प्रदर्शन असतं, कलाकारही मखरं मांडतात आणि साधी कुटुंबंही. त्या दालनात शिरताना झेंडूचा रंग दिसला आणि मला आपला शेतातला दसरा आठवला. मग मी बाहेर येऊन कॉफी प्यायले, बाकी काही नाही.

घरमालकीणबाईंनी आपलं मखर मांडायला घेतलंय. नवऱ्याच्या फोटोपुढे टकीला आणि सिगारेटचं पाकीट. मला म्हणाल्या, तुझं कुणी असेल तर फोटो आण, जागा आहे. आजीचा माझ्याकडे आधार कार्डावरचाच फोटो, त्यात ती रागावल्यासारखी दिसते. तोच छापून दिला. तर म्हणाल्या, तिला काय आवडायचं? काय सांगू? मिसरी! तव्यावर तंबाखू भाजायची, सगळं घर खोकत बाहेर पळायचं आणि ही मजेत दात घासत बसायची, हे मी हातवारे करून सांगितलं. बाई हसून हसून लाल झाल्या. आता मिसरी कुठून आणू? पुढच्या पार्सलमध्ये डबी घालू नकोस मात्र, कस्टमवाले मला आत टाकतील.

वर्षश्राद्धाला मी नसेन, हे तुला माहीत आहे. तरी लिहितेच. डिसेंबरात रजा मिळत नाही आणि व्हिसाच्या शिक्क्याचा भरवसा नाही, परत यायला अडले तर नोकरी जाईल. तिकिटाचा प्रश्न नाही. तू म्हणालीस ‘नाही आलीस तरी चालेल’, तेव्हा तुझा आवाज कसा होता ते मला ऐकू आलं. ब्राह्मणाची दक्षिणा आणि जेवणावळ माझ्याकडून. पंगतीत तिखट कमी करू नका, आजी उठून बसेल.

पैशांचं. या महिन्याचे पाठवले, दादाच्या खात्यात दिसले असतील. सोसायटीचा हप्ता आधी भरा. छाटणीनंतर पाऊस झाला म्हणतो दादा, तर औषधफवारणीचा खर्च वाढणार, तो आकडा मला खरा सांगा, बाबांनी अर्धा केलेला नको. पत्र्याचं काम उन्हाळ्यात करू. आणि सोन्याची पाटली गहाण टाकायचा विचार मनातून काढ, मी आहे.

ते सातारचं स्थळ. मुलगा डलासमध्ये आहे म्हणजे माझ्याजवळ आहे असं नाही, आई, इथून विमानाने जावं लागतं. बोलेन एकदा, तुझ्यासाठी. पण दादाचं माझ्यापायी अडवून ठेवू नका. त्या मिरजेच्या मुलीकडे होकार कळवा, ‘थोरली बसलीय’ कुणी म्हणालंच तर म्हणू दे. लग्नाला मी येईन, तारीख आधी कळवा म्हणजे रजा मागता येईल. हॉलचा विसार मी देते.

स्वेटर घालते. जेवते.

तुझी,
वैशू

ता. क. आजीच्या फोटोपुढे काय मांडणार ते काकांना सांगू नकोस. विचारलंच तर तांदळाची खीर म्हण, तीही ठेवणार आहेच.