साल्हेरला जाताना मुल्हेरला थांबावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

युनेस्कोने ११ जुलै २०२५ रोजी ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत नाशिक जिल्ह्यातील एकटा साल्हेर आहे. १५६७ मीटर उंचीचा हा राज्यातील सर्वांत उंच किल्ला, आणि १६७२ साली मराठ्यांनी मोगल फौजेचा मोकळ्या मैदानात पराभव केला तो याच्याच परिसरात. त्याचा असा सन्मान व्हावा, याचा नाशिककर म्हणून मला मनापासून आनंद आहे. मात्र साल्हेरकडे निघालेल्या गाड्या वाटेतल्या ज्या गावात क्षणभरही थांबत नाहीत, त्या मुल्हेरबद्दल चार शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते.

नाशिकहून देवळा, सटाणा, ताहाराबाद असे गेले की सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, सेलबारी-डोलबारीच्या रांगांमध्ये, मोसम नदीच्या खोऱ्यात हे गाव लागते. सटाण्यापर्यंत दोन्ही बाजूंना कांदाचाळी आणि डाळिंबाचे मळे असतात. ताहाराबाद सोडल्यावर मांगी-तुंगीचे सुळके दिसू लागतात आणि रस्ता डोंगरांत शिरतो. गावाच्या डोक्यावर मोरा, मुल्हेर आणि हरगड असे तीन गड एकाला एक लागून उभे आहेत. साल्हेर सर करून त्याच दिवशी नाशिकला परतायचे, या घाईत बहुतेकांना ते नुसते गाडीच्या काचेतून दिसतात.

हे गाव बागलाणावर, म्हणजे सटाण्याभोवतीच्या या मुलखावर, राज्य करणाऱ्या बागुल राजांची राजधानी होते. सुरतेचे बंदर आणि दख्खन यांना जोडणारा व्यापारी मार्ग बागलाणातून जात असल्यामुळे या छोट्या राज्याला त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठे महत्त्व होते. येथे टांकसाळ होती आणि तीत पाडलेली चांदीची महमुदी नाणी गुजरातेपर्यंत चालत. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त बागलाणातील सात किल्ल्यांचा उल्लेख केला आहे, आणि त्यांतील विशेष बळकट म्हणून मुल्हेर व साल्हेर ही दोनच नावे घेतली आहेत. १६३८ साली औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना मोगलांनी बागलाण जिंकले, ते मुल्हेरला वेढा घालूनच. साल्हेरची कहाणी सांगताना मुल्हेर वगळले, तर साल्हेरचा किल्ला बागुलांच्या राज्याच्या कोणत्या कोपऱ्यात आणि कशाच्या रक्षणासाठी उभा होता, हेच कळेनासे होते.

मुल्हेरचा गड चढताना माचीवर तळ्याकाठी गणेशाचे मंदिर लागते, पुढे सोमेश्वराचे मंदिर आणि मोती तलाव. जुन्या वस्तीची जोती झाडीत जागोजागी दिसतात. गडावर घरेदारे, देवळे आणि पाण्याची सोय असलेली एक नांदती पेठ होती, हे पाहणाऱ्याच्या लक्षात येते, पण कोणते अवशेष कशाचे हे स्थानिक जाणकार सोबत नसेल तर समजत नाही. म्हणूनच येथे वाट दाखवणाऱ्यापेक्षा गड समजावून सांगणाऱ्या माणसाची अधिक गरज आहे.

गावातील उद्धव महाराजांच्या समाधिमंदिरासमोर कोजागरीला होणारी रासक्रीडा मात्र आजही जिवंत आहे. केळीच्या पानांनी आणि झेंडूच्या फुलांनी सजवलेले मोठे लाकडी चक्र चंद्रोदयाच्या सुमारास खांबावर चढवले जाते आणि त्याखाली रात्रभर पदे गायिली जातात. पहाटे ते चक्र उतरवले जाते. ही पदे पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत चालत आलेली आहेत आणि त्यांत मराठीबरोबर हिंदी व गुजराती रचनाही आहेत. सुरतेच्या वाटेवरच्या गावात असेच असणार! एरवी अहिराणी बोलणारी मंडळी त्या रात्री व्रजातील कृष्णलीला आपलीच म्हणून गातात, हे ऐकण्यासाठी प्रत्येक नाशिककराने एकदा तरी तेथे जावे, असे मला वाटते. जाताना तो गावाचा धार्मिक उत्सव आहे याचे भान ठेवावे. ध्वनिक्षेपकांच्या भिंती आणि राजकीय फलक तेथे येऊ नयेत, आणि पर्यटन विभागाने त्याचा ‘महोत्सव’ करण्याचा मोह टाळावा.

साल्हेर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत आहे. मानांकनानंतर तेथे सोयीसुविधांचा विचार होणार, हे उघड आहे. साल्हेरच्या ऐन पायथ्याशी हॉटेले आणि वाहनतळ उभारण्याऐवजी मुक्कामाची व्यवस्था मुल्हेरला व्हावी, असा माझा आग्रह आहे. गावकऱ्यांना घरगुती निवासासाठी साहाय्य मिळाले, तर मिळणारा पैसा गावातच राहील आणि किल्ल्याचा परिसरही मोकळा राहील. स्थानिक आदिवासी व शेतकरी कुटुंबांतील तरुणांना मार्गदर्शक म्हणून रीतसर प्रशिक्षण द्यावे. गावात माहितीकेंद्र असावे आणि त्यात बागुलांची नाणी, निदान त्यांची छायाचित्रे, पाहायला मिळावीत. शनिवार-रविवारी नाशिकहून थेट मुल्हेरपर्यंत सकाळी जाणारी आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतणारी एसटी सुरू झाली, तर स्वतःची गाडी नसलेल्या विद्यार्थ्यांनाही तेथे जाता येईल.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वर परिसरात मोठी कामे चालू आहेत. त्या नियोजनात जिल्ह्याच्या उत्तर टोकालाही जागा मिळावी. जिल्हाधिकारी, पुरातत्त्व संचालनालय आणि मुल्हेरची ग्रामपंचायत यांची एकत्र बैठक पुढच्या कोजागरीच्या आत व्हावी आणि ती मुल्हेर गावातच घ्यावी, ही आपल्या दैनिकाद्वारे संबंधितांना नम्र विनंती.

आपला,
एक वाचक, नाशिक