ऑरेंज अलर्ट आला की आधी तिथी बघा

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा बाबा फोनवर म्हणाले, "रेड अलर्ट म्हणून शाळा बंद ठेवल्या आणि दिवसभर ऊन!" वैताग कळतो, पण त्यापायी इशारे बघणं सोडू नका. फोनवर अर्धं राहून जातं म्हणून सविस्तर लिहिते.

इशारा जिल्ह्याचा असतो. वाशी ठाणे जिल्ह्यात आणि शहापूर, मुरबाडही त्याच जिल्ह्यात. अंदाजात "तुरळक ठिकाणी" असेल तर जिल्ह्यातल्या फार तर पाव पर्जन्यमापक केंद्रांवर तेवढा पाऊस अपेक्षित आहे. शहापूरला धो धो आणि वाशीत चार सरी, असं झालं तरी अंदाज चुकला असं नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्यात शंभरही नव्हता. "बहुतांश ठिकाणी" असा शब्द असेल तर मात्र आपण त्यात आहोतच असं धरा. आणि आई, खारघरला मावशीकडे जायचं असेल तर रायगडचा इशारा बघायचा, ठाण्याचा नाही.

शब्दांमागे आकडे ठरलेले आहेत. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिमी म्हणजे मुसळधार, त्यापुढे 204.4 पर्यंत अति मुसळधार, त्याहून जास्त म्हणजे अत्यंत मुसळधार. हा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा मोजतात. त्यामुळे सकाळी टीव्हीवर दिसणारा आकडा पडून गेलेल्या पावसाचा असतो, त्यावरून बाहेर जायचं ठरवू नका. 1 मिमी म्हणजे एक चौरस मीटरवर 1 लिटर. आपली गच्ची 50 चौरस मीटरची धरली तर 100 मिमीला 5,000 लिटर पाणी त्या दोन पन्हाळींतून उतरायचं असतं. जाळीत पानं अडकली की ते गच्चीवर तुंबतं आणि स्लॅबमधून झिरपतं. यलो अलर्टलाच कुणा मुलाकडून जाळ्या साफ करून घ्या. बाबांनी शिडी चढायची नाही.

आता मुख्य गोष्ट. 24 तासांचा अंदाज पाऊस किती ते सांगतो, पाणी आपल्या दारात कधी चढेल ते भरती सांगते. वाशीचा बराच भाग खाडीत भर घालून उभा केलेला आणि सखल आहे. पावसाचं पाणी नाल्यांतून धारण तलावात जातं; मिनी सी-शोअरचं पाणी तेच. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये झडपा असतात. खाडीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने त्या बंद होतात, म्हणजे समुद्र आत येत नाही. पण पावसाचं पाणीही बाहेर जात नाही. तोवर सगळी भिस्त तलावाच्या पोटावर आणि पंपांवर, आणि ते पोट गाळाने लहान होत जातं. म्हणून ओहोटीतला 100 मिमी निघून जातो, भरतीत दोन तासांत पडलेला त्याहून कमी पाऊसही रस्ता भरतो.

भरतीची वेळ आईला कॅलेंडरवरूनच काढता येईल. कोळी लोकांचा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला 4 ची पाऊणपट 3, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बारा धरायचे. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, हिशेब एकच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत आत पाणी चढायला जरा उशीर लागतो, त्यामुळे नेमक्या मिनिटासाठी वर्तमानपत्रातली वेळ बघा. पौर्णिमा-अमावास्येपासून पुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती बुटकी. वर्तमानपत्रात 4.5 मीटर किंवा जास्त उंची दिसली आणि त्याच दिवशी ऑरेंज किंवा रेड असेल, तर भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास घराबाहेर पडायचं नाही. भाजी, बँक, डॉक्टर, सगळं त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे.

घरातून निघण्याआधी "मौसम" अ‍ॅपवर पुढच्या तीन तासांचा अंदाज बघा, तो रोजच्या अंदाजापेक्षा जवळचा असतो. विजांसाठी "दामिनी" आहे. जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात तिची खरी गरज. गडगडाट असेल तर टीव्हीचा प्लग काढून ठेवायचा आणि कोपऱ्यावरच्या गुलमोहराखाली आडोसा घ्यायचा नाही.

बैठं घर आहे, म्हणून पाणी आत येण्याचीही तयारी हवी. पाणी नेहमी दारातूनच येतं असं नाही. गटार भरलं की आधी न्हाणीघराच्या जाळीतून उलटं येतं. जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून तोंड घट्ट बांधा आणि ती जाळीवर ठेवा, वर पाण्याने भरलेली बादली. दारासाठी वाळूची पोती अर्धी-पाऊणच भरायची. गच्च भरलेलं पोतं दगडासारखं राहतं, फटीत बसत नाही. खाली प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर पोती ठेवा. इन्व्हर्टरची बॅटरी आत्ताच इलेक्ट्रिशियनकडून दोन फूट उंच मांडणीवर चढवून घ्या.

पाणी उंबऱ्याला लागलं की सामान उचलत बसू नका. पाय आणि हात कोरडे असतानाच मेन स्विच बंद. पाणी सॉकेटपर्यंत पोचल्यावर किंवा ओल्या जमिनीवर उभं राहून स्विचला हात लावायचा नाही. मग महावितरणच्या 1912 वर फोन करून पुरवठा बंद करायला सांगायचा. बोर्डातल्या आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, "टी" बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. खटका पडला तर ठीक, नाही पडला तर तो बदलायचा, कारण शॉकपासून वाचवणारा तोच.

बाबांच्या गोळ्या कायम 15 दिवसांच्या जास्त असाव्यात. वीज गेल्यावर फ्रिज उघडला नाही तर साधारण चार तास थंड राहतो. त्यानंतर इन्सुलिन पिशवीत घालून ओल्या कापडात गुंडाळून मातीच्या मडक्यात ठेवा. बर्फाला चिकटवू नका, गोठलं की ते टाकावंच लागतं. वापरात असलेलं पेन बाहेर किती दिवस चालतं ते त्याच्या कागदावर बघा.

पाण्यातून चालावं लागलं तर घरी येताच साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. बाबा, तुम्हाला मधुमेह आहे, टाचेची भेगसुद्धा लेप्टोला, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाला, पुरते. उंदरांच्या मुताने तो पाण्यात पसरतो. त्याच दिवशी किंवा फार तर 72 तासांत डॉक्टरांना भेटा, प्रतिबंधक गोळी तेच ठरवतील. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर पाण्यातून गेल्याचं आधी सांगा, आणि डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी घेऊ नका.

रविवारी संध्याकाळी फोन करीन. तोवर आईने या महिन्याच्या पौर्णिमा-अमावास्येपुढचे तीन-तीन दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवावेत, आणि बाबांनी "टी" बटण दाबून खटका पडला की नाही ते मला सांगावं.

तुमची लेक