ताई, त्या दिवशी तुम्ही "नाही" म्हणालात म्हणून

ताई, नमस्कार. तोंडावर बोलायला गेलो की तुम्ही "बस झालं, चल पाय दाखव" म्हणून विषयच बंद करता, म्हणून हे लिहून राहिलो, आणि सगळ्यांसमोर लिहून राहिलो, कारण नागपूरच्या मेडिकल चौकाजवळच्या तुमच्या त्या जिन्यावरच्या फिजिओच्या खोलीत काय काम चालतं हे लोकांना कळलं पाहिजे. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

2018 चा मे महिना. कामठीतली फुटबॉल मॅच, संध्याकाळचे पाच वाजून गेले तरी जमीन तापलेली आणि इतकी कडक की स्टड आत रुतेचना. हेडरला उडी मारली, एका पायावर उतरलो, गुडघा आत वळला आणि टक् असा आवाज आला जो आजही कानात आहे. पहिले जिथे दाखवलं तिथे सांगितलं लचकलंय, पट्टी बांध, तीन आठवडे आराम. केला आराम. चौथ्या आठवड्यात पळता पळता वळलो तर गुडघा जागेवरून सटकल्यासारखा झाला, मग एमआरआय, मग कळलं की एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलंय. वीस वर्षांचा होतो, मुंबईच्या एका क्लबशी तोंडी बोलणं झालेलं, बाबा ऑटो चालवायचे, ऑपरेशनलाच इकडून तिकडून पैसे गोळा केलेले, त्यावर रोजची फिजिओ कुठून करणार? तुम्ही फीचं विचारलं, मी खाली मान घालून बसलो, तर तुम्ही रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं नि म्हणालात "ते पाहू नंतर". ते नंतर अजून आलं नाही ताई.

कामठीहून रोज यायचो, इंदोरा चौकातून पुढे मेट्रोचं काम चालू, धूळ, ट्रॅफिक, बसमध्ये पाय सरळ ठेवायला जागा नाही. आणि इथे येऊन करायचं काय, तर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. दाब, सोड. दाब, सोड. मला वाटायचं हा काय व्यायाम झाला! पाय वाकत नाही याची मला काळजी आणि तुम्ही म्हणायच्या पहिले पूर्ण सरळ होऊ दे, वाकायचं नंतर बघू, सरळ नाही झाला तर जन्मभर लंगडशील. शिंप्याच्या टेपने मांडी मोजायच्या, डावी मांडी उजवीपेक्षा साडेतीन सेंटीमीटर बारीक झाली होती, ते आकडे तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायच्या आणि अर्धा सेंटीमीटर जरी वाढला तरी मोसंबीचा ज्यूस मागवायच्या. घरी सगळे म्हणायचे होईल रे बरा, देव आहे. तुम्ही असं एकदाही म्हणाल्या नाहीत. तुम्ही फक्त आज किती करायचं ते सांगितलं, आणि खरं सांगतो, त्या दिवसांत मला तेवढंच झेपत होतं.

पण खरे आभार ज्याचे मानायचेत ते वेगळंच आहे.

जानेवारी 2019. ऑपरेशनला सहा महिने. दुखणं शून्य, पळत होतो, बॉल मारत होतो, आणि त्याच मुंबईच्या क्लबचा फोन आला, दहा दिवसांनी ट्रायलला ये. मी पेढे घेऊन आलो तुमच्याकडे. तुम्ही पेढा घेतला, बाजूला ठेवला आणि म्हणालात एका पायावर उडी मार. उजव्या पायावर 150 सेंटीमीटर. डाव्यावर 117. कॅल्क्युलेटर काढून मला दाखवलं, डावा उजव्याच्या 78 टक्के, नव्वदच्या खाली मी कोणाला सोडत नाही. मी म्हटलं ताई दुखत नाही ना. तर म्हणालात, "दुखत नाही म्हणूनच तर पोट्टे फसतात, मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगमधून काढून बसवलेला तो धागा अजून लिगामेंट झाला नाही बाप्पा, आतून तयार व्हायला त्याला वेळ लागते, नऊ महिन्यांच्या आत गेलास तर परत तुटायचा चान्स कितीतरी जास्त."

मग मी मोबाईलवर रोनाल्डो दाखवला, ब्राझीलवाला, 2002 चा वर्ल्डकप, आठ गोल, फायनलमध्ये दोन्ही त्याचेच. म्हटलं याचाही गुडघा गेला होता. तुम्ही फुटबॉल बघत नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळं वाचून आलात. "2002 दाखवून राहिला, 2000 काऊन नाही दाखवत?" नोव्हेंबर 1999 ला गुडघ्याचं टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, गेलं, एप्रिल 2000 ला लाझिओविरुद्ध परत उतरला आणि पाच-सात मिनिटांत तोच गुडघा घेऊन खाली पडला. ती क्लिप तुम्ही मला पूर्ण बघायला लावली. त्याचं टेंडन होतं, तुझं लिगामेंट आहे, पण घाई तीच आहे म्हणालात.

मी चिडून निघून गेलो. आठ दिवस आलो नाही. तुमच्याबद्दल मित्रांसमोर नको ते बोललो, त्याची आज माफी मागतो. ट्रायलच्या आदल्या दिवशी क्लबला फोन करून खरं सांगितलं, त्यांनी दुसरा लेफ्ट बॅक घेतला, ती जागा गेली ती गेलीच. नवव्या दिवशी जिना चढून आलो तर तुम्ही एक शब्द विचारला नाही, टॉवेल फेकला आणि म्हणालात, "वॉर्मअप कर."

मे 2019 ला 94 टक्के आले तेव्हा सोडलं तुम्ही मला. पुढच्या सीझनला दुसऱ्या क्लबने घेतलं, मग मार्च 2020 ला सगळंच बंद, गच्चीवर पळून दिवस काढले, 2022 ला त्या क्लबने करार संपल्याचं व्हॉट्सअॅपवर कळवलं, तीन ओळींत. तेव्हा परत तुमच्याकडेच आलो, गुडघा ठणठणीत होता तरी. तुम्ही चहा दिला आणि म्हणालात रिकामा आहेस तर मैदानातल्या फुटबॉलवाल्या पोरींना उडी मारून उतरायला शिकव, मुलींचं एसीएल मुलांपेक्षा जास्त तुटते आणि कोणी त्यांना शिकवत नाही. फिफाचा तो इलेव्हन प्लस वॉर्मअप, वीस मिनिटांचा, तुम्हीच मला बसवून समजावला, गुडघा पायाच्या अंगठ्याच्या रेषेत, आत नाही पडला पाहिजे. त्या चार महिन्यांत माझ्याकडे क्लब नव्हता पण रोज सकाळी सहाला मैदानात जायचं कारण होतं, आणि फिटनेस टिकला म्हणूनच पुढचा फोन आला तेव्हा दुसऱ्या दिवशी गाडीत बसू शकलो.

आपल्या नागपूरला बारसे सरांमुळे लोक ओळखतात, हिस्लॉप कॉलेजचे सर, 2001 ला झोपडपट्टीतल्या पोरांना पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहून ज्यांनी हातात बॉल दिला, आणि त्यातूनच अखिलेश पॉलसारखा पोट्टा 2010 ला रिओच्या होमलेस, म्हणजे बेघरांच्या, वर्ल्डकपमध्ये भारताचा कॅप्टन झाला. बॉल देणारा माणूस लागतोच. पण पडलेल्या पोराला परत मैदानात पाठवणारं, आणि तयार नसेल तर हात धरून थांबवणारंही कोणी लागते ना.

या सीझनला सतरा मॅच खेळलो ताई. डावा पाय दोन्ही वेळा पूर्ण सरळ होतो, सकाळी आणि मॅचनंतर, रोज बघतो.

रविवारी घरी येऊन राहिलो. सोबत एक पंधरा वर्षांची गोलकीपर आहे, कामठीचीच, आठवडाभरापासून गुडघ्याला सूज आहे आणि तिला कोणीतरी पट्टी बांधून तीन आठवडे आराम सांगितलाय. मी तिच्या आईला म्हटलं पहिले आमच्या ताईंना दाखवू. सकाळी दहाला येतो, तिच्या फीचं रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे लिहा.